उसाच्या मळीपासून साबण बनतो का? जैव-सर्फॅक्टंट म्हणजे काय, समजून घ्या

भांड्याचा लिक्विड साबण, शाम्पू, कपड्यांची पावडर या सगळ्यांत एक समान घटक असतो : सर्फॅक्टंट. बाजारातले बहुतेक सर्फॅक्टंट खनिज तेलापासून किंवा पाम-नारळाच्या तेलापासून बनतात. तेच काम करणारे पदार्थ जीवाणू आणि यीस्टही तयार करतात, आणि त्यांना खायला शेतीमालाचे उरलेसुरले चालते.

सर्फॅक्टंट नेमके काय करतो?

त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. त्यामुळे तेलकट डाग सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. बॅसिलस सब्टिलिस या जीवाणूपासून मिळणारे सर्फॅक्टिन तो सुमारे २७ पर्यंत खाली आणते. १९६८ मध्ये जपानी संशोधकांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. आपला रिठाही याच तत्त्वावर फेस करतो. त्यातल्या घटकाला सॅपोनिन म्हणतात.

मग जुन्या डिटर्जंटमध्ये अडचण काय होती?

१९५०च्या दशकातल्या डिटर्जंटचे रेणू फांद्या फुटलेले होते. जीवाणूंना ते सहज तोडता येत नसत, म्हणून युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे थर साचले. १९६०च्या दशकात सरळ साखळीचे रेणू आले. ते हवा मिळाली की विघटित होतात, पण चिखलासारख्या प्राणवायू नसलेल्या जागी टिकून राहतात. शिवाय कच्चा माल खनिज तेलाचाच राहिला.

शेतीतले काय वापरता येते?

• मळी (मोलॅसिस) : साखर काढून उरलेला हा काळपट पाक. यात साधारण निम्मी साखरच असते.
• खाद्यतेल शुद्ध करताना निघणारा तेलकट गाळ.
• बटाटा आणि कसावा प्रक्रियेतले पिष्टमय पाणी. साबुदाणा ज्या कंदाचा बनतो, तोच हा कसावा. ब्राझीलमध्ये या पाण्यावर सर्फॅक्टिन बनवण्याचे प्रयोग झाले आहेत.

कृती कशी असते?

कच्चा माल गाळून निर्जंतुक करतात. पिष्ट असेल तर आधी त्याची साखर करतात. मग टाकीत जीवाणू सोडून हवा खेळवतात. काही दिवसांत साखर आणि स्निग्धाम्ल जोडलेला पदार्थ तयार होतो. स्यूडोमोनासपासून रॅम्नोलिपिड मिळते, तर स्टार्मेरेला या यीस्टपासून सोफोरोलिपिड. शेवटी तो पदार्थ वेगळा करून शुद्ध करतात.

तरी महाग का?

पहिले कारण फेसच. हवा सोडताच टाकी उतू जाते. दुसरे, पाण्यातून शुद्ध पदार्थ वेगळा करण्यातच खर्चाचा मोठा वाटा जातो, आणि कच्चा माल जितका मळकट तितके हे काम वाढते. तिसरे, रॅम्नोलिपिड भरपूर देणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा माणसाला आजारी पाडू शकतो. म्हणून त्याची जनुके निरुपद्रवी जीवाणूत घालून काम करून घेतात.

महाराष्ट्रापुरता आणखी एक मुद्दा आहे. मळी इथे ‘टाकाऊ’ नाही. इथेनॉल आणि मद्यार्कासाठी तिला मागणी आहे, त्यामुळे तिचा भाव पडेल असे गृहीत धरता येत नाही. ज्या उपपदार्थाला दुसरा गिऱ्हाईक नाही, तोच खरा स्वस्त.

हे बाजारात आले आहे का?

हो. जपानच्या साराया कंपनीने भांडी धुण्याच्या उत्पादनांत सोफोरोलिपिड वापरले. जर्मनीच्या इव्होनिकने स्लोव्हाकियात रॅम्नोलिपिडचा कारखाना उभारला. तिथे मक्यापासूनची साखर वापरतात. ती साखर मात्र टाकाऊ नव्हे, मुख्य पिकातली आहे.

खरेदी करताना काय पाहाल?

‘जैवविघटनशील’ म्हणजे निसर्गात तुटणारे, एवढेच. तो शब्द कच्चा माल कुठला हे सांगत नाही; खनिज तेलापासून बनलेला सर्फॅक्टंटही जैवविघटनशील असू शकतो. त्यामुळे पुढचा दावा न वाचता आधी मागची घटकयादी पाहा. तिथे रॅम्नोलिपिड किंवा सोफोरोलिपिड लिहिले असेल, तर तो पदार्थ सूक्ष्मजीवांनी बनवलेला आहे.