टक्का उतरला, पण कशामुळे?

करोनाच्या काळात ‘पॉझिटिव्हिटी रेट’ हा शब्द बीडच्या पानटपरीवरही ऐकू येऊ लागला होता. शंभर चाचण्यांत किती जण बाधित निघाले, तो हा टक्का. पण तो साथीइतकाच तपासणीवरही अवलंबून असतो, हे फारसे कुणी सांगितले नाही.

सुरुवातीला तपासणी व्हायची ती प्रामुख्याने ताप-खोकल्याच्या रुग्णांची, त्यांच्या संपर्कातल्यांची. जून २०२० मध्ये अर्ध्या तासात निकाल देणाऱ्या अँटिजेन चाचणीला मान्यता मिळाली. ऑगस्टमध्ये बीड शहरात आणि पुढे जिल्ह्यातल्या इतर बाजारगावांत व्यापाऱ्यांच्या चाचण्यांची मोहीम झाली. लक्षणे नसलेली माणसेही आता तपासणीत आली.

याने काय होते? समजुतीसाठी एक हिशेब मांडू. १०० आजारी माणसे तपासली, २० बाधित निघाले. टक्का २०. आता धडधाकट दिसणारे ९०० दुकानदारही तपासले, त्यांत ३६ सापडले. एकूण १०००मध्ये ५६. रुग्ण जवळजवळ तिप्पट झाले, टक्का मात्र ५.६वर आला! रुग्णसंख्या पाहणारा घाबरतो, टक्का पाहणारा निर्धास्त होतो. गावातली साथ तर तेवढीच असते.

पुढे याच टक्क्यावर लोकांची रोजीरोटी ठरली. ७ जून २०२१ पासून राज्यात पाच स्तरांचे निर्बंध आले. टक्का आणि ऑक्सिजनच्या भरलेल्या खाटा पाहून जिल्ह्याचा स्तर ठरे. पहिल्या स्तरात दुकाने नेहमीसारखी. तिसऱ्यात दुपारी चारला शटर खाली.

अँटिजेन चाचणी झटपट होते, पण काही बाधित तिच्यातून निसटतात. म्हणजे ती भरमसाट केली, की टक्का दोन्ही बाजूंनी उतरतो. अखेर २५ जून २०२१ रोजी सरकारने आदेश काढला: स्तर ठरवताना फक्त आरटीपीसीआर चाचण्यांचाच टक्का धरायचा.

म्हणून व्यापक तपासणी वाईट ठरत नाही. तिने सापडलेला प्रत्येक बाधित वेळेत वेगळा होतो. गिऱ्हाइकाला, घरातल्या म्हाताऱ्यांना होणारी लागण टळते. मात्र टक्का वाचताना तीन प्रश्न विचारायला हवेत: कुणाला तपासले, किती जणांना तपासले आणि कोणत्या चाचणीने? पुढची साथ येईल तेव्हा एवढी शिदोरी आपल्यापाशी असू द्या.