प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञान, क्ष-किरण
क्ष-किरणांच्या आघाताने अणूच्या वा रेणूच्या आतील कवचांतून उत्सर्जित होणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांचे मापन करणारी विज्ञानशाखा. आपाती फोटॉनाच्या ऊर्जेतून मुक्त इलेक्ट्रॉनाची गतिज ऊर्जा वजा केली म्हणजे त्याची मूळची बंधन ऊर्जा मिळते. आइन्स्टाइन यांची प्रकाशविद्युत् परिणामाची उपपत्ती (१९०५) हा याचा पाया होय. मँचेस्टर येथे १९१४ मध्ये एच. आर. रॉबिन्सन व डब्ल्यू. एफ. रॉलिन्सन यांनी असे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राने वळवून त्यांची छायाचित्रीय नोंद केली. मात्र अचूक मापनास आवश्यक अशा सुस्पष्ट रेषा स्वीडनमधील अपसाला विद्यापीठात काई सीगबान व त्यांचे सहकारी यांना १९५४ मध्ये प्रथम मिळाल्या.

रासायनिक बंधात बाह्य इलेक्ट्रॉनच भाग घेतात. त्यामुळे आतील इलेक्ट्रॉनांवर संयुगाचा परिणाम लक्षणीय असेल, अशी अपेक्षा नव्हती. परंतु तांबे व त्याचे ऑक्साइड यांच्या रेषांची स्थाने भिन्न आढळली (१९५८) आणि सोडियम थायोसल्फेटातील गंधकाच्या दोन अणूंनी दोन अलग रेषा दिल्या (१९६४). शेजारच्या अणूने बाह्य इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढले की, आतील इलेक्ट्रॉन अणुकेंद्राशी अधिक घट्ट बांधले जातात. म्हणूनच एथिल ट्रायफ्ल्युओरोॲसिटेटाच्या रेणूतील चार कार्बन अणू चार निरनिराळ्या रेषा देतात. त्यांपैकी फ्ल्युओरिनाशी जोडलेल्या कार्बनाची बंधन ऊर्जा सर्वाधिक असते. अशा प्रकारे मूलद्रव्य ओळखण्याबरोबरच रेणूतील त्याची रासायनिक स्थितीही कळू लागली. या कार्याबद्दल सीगबान यांना १९८१ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.