मंद बूटिंग (एसएसडी असलेल्या संगणकातील)

संगणकात एसएसडी असूनही बटण दाबल्यापासून प्रत्यक्ष काम करता येईपर्यंत फार वेळ लागणे, याला मंद बूटिंग म्हणतात. एसएसडी निकोप असेल, प्रोसेसर बऱ्यापैकी अलीकडचा असेल आणि विंडोज १० किंवा ११ असेल, तर यंत्र साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत तयार व्हायला हवे. एक-दोन मिनिटे लागत असतील तर ‘जुना झाला’ म्हणून सोडून देऊ नये. अशा विलंबाला शोधता येण्याजोगे कारण असते आणि बहुतेक वेळा ते एसएसडीत नसते.

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी ४.१७ मिलिसेकंद लागतात. त्यात हेड सरकण्याचा वेळ मिळवला, की विखुरलेल्या लहान फायली सेकंदाला जेमतेम शंभर वाचून होतात. बूटिंग म्हणजे अशाच असंख्य लहान फायलींचे वाचन. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने हा अडसर जवळजवळ नाहीसा होतो. तरीही विलंब उरला, तर संगणक बहुधा वाचत नसतो, वाट पाहत असतो: कोणता तरी भाग उत्तर देत नाही आणि प्रणाली ठरलेली मुदत संपेपर्यंत थांबून राहते. म्हणून आधी घड्याळ लावावे. विलंब दरवेळी तेवढाच आणि ३०, ६०, ९० सेकंद असा ठोक असेल, तर कोठे तरी मुदत संपण्याची वाट पाहिली जात आहे, असे धरून चालावे. तो रोज बदलत असेल, तर एखादे हार्डवेअर बिघडते आहे किंवा सुरुवातीलाच कामांची गर्दी होते आहे.

विंडोज ७ मधले एक उदाहरण बोलके आहे. डेस्कटॉपवर चित्राऐवजी नुसता एकरंग ठेवला, तर लॉग-इननंतरचा स्वागताचा पडदा ३० सेकंद तसाच राहत असे. लॉग-इनच्या वेळी प्रत्येक घटकाने ‘मी तयार आहे’ असे कळवायचे असते. पार्श्वभूमीच्या घटकाचा हा निरोप चित्र चढवणाऱ्या कोडच्या आत लिहिला गेला होता. चित्रच नाही तर निरोपही नाही. मग प्रणाली पूर्ण मुदत थांबे. मायक्रोसॉफ्टने पुढे दुरुस्ती दिली. तोवर कितीही वेगवान ड्राइव्ह बसवला असता, तरी त्या ३० सेकंदांतला एकही कमी झाला नसता.

निदानाची पहिली पायरी म्हणजे वेळ कोणत्या टप्प्यात जातो ते पाहणे. विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर वरच्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ दिसतो. विंडोजकडे सूत्रे येण्याआधी मदरबोर्डच्या फर्मवेअरने किती सेकंद घेतले, ते हा आकडा सांगतो. तो २०–३० च्या वर असेल, तर विंडोजमध्ये काहीही खटपट करून उपयोग नाही. पुढच्या टप्प्यांसाठी इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स’ ही नोंदवही उघडावी. तिथे १०० क्रमांकाच्या नोंदीत डेस्कटॉप येईपर्यंतचा आणि त्यानंतर यंत्र शांत होईपर्यंतचा वेळ मिलिसेकंदांत वेगवेगळा असतो. १०१ मध्ये रेंगाळलेला प्रोग्रॅम, १०२ मध्ये ड्रायव्हर आणि १०३ मध्ये सेवा नावानिशी सापडते. ही नोंदवही फारच कमी लोक उघडतात, याची खंत वाटते. तासभराची चाचपडाचाचपड तिथे पाच मिनिटांत संपू शकते.

मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विंडोज ८ (२०१२) पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आले. त्यात ‘शट डाउन’ केल्यावर कर्नल आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळे मुळापासून सुरू करतो. म्हणून दोन्ही वेळा वेगवेगळ्या मोजाव्यात. रीस्टार्ट झटपट आणि बंद करून सुरू केले की उशीर, असे असेल तर जपलेल्या स्थितीतून नीट जागा न होणारा ड्रायव्हर हा पहिला संशयित. पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप काही दिवस बंद ठेवून पाहावे. एसएसडीवर त्याने फारसे नुकसान होत नाही.

फर्मवेअरच्या टप्प्यातील विलंबाची कारणे साधी असतात. बूटक्रमात नेटवर्क सर्वांत वर असले, की यंत्र आधी नेटवर्कवरून बूट होण्याचा प्रयत्न करते आणि तो फसल्यावर एसएसडीकडे वळते. यूएसबीला लावलेला बाह्य ड्राइव्ह, कार्ड-रीडर किंवा हब यांचीही चौकशी होते. सगळे काढून एकदा सुरू करून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग. डीडीआर५ मेमरीच्या यंत्रांत, विशेषतः एएमडीच्या २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर, मेमरीचे ‘ट्रेनिंग’ (तिच्याशी जुळवून घेण्याची चाचणी) चालते. नवी मेमरी बसवल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळा राहिला तरी घाबरू नये. दरवेळी तसे होत असेल, तर बायोस अद्ययावत करावा आणि ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ हा पर्याय पाहावा. तो चालू असता आधीच्या ट्रेनिंगचे निष्कर्ष पुन्हा वापरले जातात.

जुन्या यंत्रात एसएसडी बसवून घेणाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित राहणारा दोषी म्हणजे आत तशीच ठेवलेली जुनी हार्ड डिस्क. विंडोज टाकताना ती जोडलेली असेल आणि तिच्यावर आधीचे ईएफआय विभाजन (बूटच्या फायलींची राखीव जागा) असेल, तर इन्स्टॉलर बूटच्या फायली तिथेच ठेवू शकतो. मग विंडोज एसएसडीवर, पण त्याचा दरवाजा हार्ड डिस्कवर, अशी स्थिती होते. प्रत्येक वेळी तबकड्या फिरायला लागेपर्यंत थांबावे लागते आणि ती डिस्क काढली तर संगणक सुरूच होत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईएफआय विभाजन कोणत्या डिस्कवर आहे ते दिसते. ते चुकीच्या डिस्कवर असेल, तर एसएसडीवर नवे ईएफआय विभाजन करून ‘बीसीडीबूट’ आज्ञेने बूटच्या फायली तिथे घ्याव्यात. नव्याने विंडोज टाकणार असाल, तर त्या वेळी हार्ड डिस्कची केबल काढून ठेवावी. ती डिस्क खराब होत चालली असेल तर त्रास दुप्पट, कारण प्रणाली तिच्या उत्तराची वाट पाहते, तिला रीसेट करते आणि पुन्हा वाट पाहते. विंडोजच्या सिस्टम नोंदवहीत १२९ (रीसेट), १५३ (पुन्हा प्रयत्न) आणि ७ (खराब ब्लॉक) या क्रमांकांच्या नोंदी दिसू लागल्या, तर तिच्यावरचा डेटा त्याच दिवशी हलवावा.

खुद्द एसएसडीचा दोष कमी वेळा असतो, पण असतो. साटा केबल सैल किंवा खराब असेल, तर जोडणी ६ गिगाबिटवरून ३ किंवा १.५ वर उतरते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनात चालू वेग आणि १९९ क्रमांकाचा ‘सीआरसी’ चुकांचा आकडा दिसतो. तो आकडा वाढतच असेल, तर ड्राइव्ह बदलण्याआधी केबल बदलावी. फर्मवेअरमधील दोषाचे प्रसिद्ध प्रकरण सॅमसंगच्या ८४० इव्हो या २०१३ च्या मॉडेलचे. पेशीतील विद्युतभार काळानुसार सरकत असे, म्हणून बरेच दिवस पडून असलेली माहिती वाचायला हा ड्राइव्ह वेळ घेई, नवी मात्र झटकन वाची. कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये दुरुस्ती दिली. ट्रिम (पुसलेल्या जागा ड्राइव्हला कळवणारी आज्ञा) बंद असणे किंवा ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असणे याने मुख्यतः लेखन मंदावते. बूटिंगच्या बाबतीत या दोन गोष्टींना नाहक जास्त दोष दिला जातो. एसएसडीचे डीफ्रॅगमेंटेशन करण्याची गरज नाही. साटाचा सलग वाचनाचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट आणि एनव्हीएमईचा त्याच्या कितीतरी पट असला, तरी केवळ बूटिंगसाठी साटा काढून एनव्हीएमई घेतल्यास फरक फारसा जाणवत नाही.

डेस्कटॉप दिसतो, पण त्यावर काही उघडत नाही, अशी तक्रार असेल तर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम तपासावेत. टास्क मॅनेजर त्यांच्यापुढे ‘हाय’ असा शेरा मारतो, त्याला मात्र भुलू नये. सुरुवातीला एक सेकंदापेक्षा जास्त प्रोसेसर-वेळ किंवा ३ मेगाबाइटपेक्षा जास्त डिस्क-वाचनलेखन केले, की हा शेरा मिळतो. साटा एसएसडीला ३ मेगाबाइट सलग वाचायला सहा मिलिसेकंदही लागत नाहीत. खरे ओझे असते एकाच वेळी चालणाऱ्या दोन अँटिव्हायरसचे, क्लाउडच्या सिंकचे आणि प्रिंटरसोबत आलेल्या नको त्या सॉफ्टवेअरचे. कार्यालयांत आणखी एक कारण आढळते: बंद पडलेल्या सर्व्हरवरचा नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला राहिलेला असतो आणि लॉग-इन त्याच्यासाठी खोळंबते. सर्व सेवा एकदम बंद करू नयेत. ‘एमएसकॉन्फिग’मधून मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवून उरलेल्या निम्म्या-निम्म्या बंद करत गेले, की दोषी लवकर हाती लागतो.

लिनक्सवर ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ’ ही आज्ञा फर्मवेअर, लोडर, कर्नल आणि सेवा यांचे वेळ एका ओळीत देते. तिच्या ‘ब्लेम’ यादीत वर दिसणारी सेवा दोषी असेलच असे नाही, कारण सेवा समांतर चालतात. ‘क्रिटिकल-चेन’ पाहून मगच मत बनवावे. पडद्यावर एखाद्या डिस्कसाठी ‘स्टार्ट जॉब’ चालू असल्याचा संदेश येऊन १ मिनिट ३० सेकंदांचे घड्याळ दिसू लागले, तर कारण जवळजवळ नक्की असते: जोडायच्या विभाजनांची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये अस्तित्वात नसलेल्या विभाजनाचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) आहे. एकाच संगणकावर दुसरे लिनक्स टाकताना हे घडू शकते. नवा इन्स्टॉलर सामाईक स्वॅप विभाजन नव्याने फॉरमॅट करतो, त्याचा यूयूआयडी बदलतो आणि पहिले लिनक्स जुन्याची वाट पाहत बसते. ‘बीएलकेआयडी’ आज्ञेने नवा यूयूआयडी काढून एफएसटॅबमध्ये लिहिला, की ते ९० सेकंद जातात. डेबियन-उबुंटूत हायबरनेशनच्या ‘रिझ्यूम’ फाइलमध्येही तो बदलून इनिटरॅमएफएस नव्याने तयार करावे लागते.

इंटेल प्रोसेसरच्या जुन्या मॅकमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यावर सुरुवातीचा कोरा पडदा रेंगाळत असेल, तर सिस्टम प्रेफरन्सेसमधील ‘स्टार्टअप डिस्क’ पाहावी. तिथे नवा ड्राइव्ह निवडलेला नसतो, म्हणून फर्मवेअर बूट करण्याजोगी डिस्क शोधत राहते. तो एकदा निवडून मॅक पुन्हा सुरू करावा.