मंदफलाची कुळकथा

मंठ्याच्या दक्षिणेला, गोदावरीच्या खोऱ्यातले पाथरी हेच जुने पार्थपूर मानले जाते, आणि तेथील ज्ञानराजाने इ. स. १५०३ मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तसुंदर’ या ग्रंथात, आधीच्या सिद्धान्तग्रंथांप्रमाणेच, ग्रहाच्या मध्यम स्थानाला मंदफलाचा संस्कार सांगितलेला आहे. ग्रह सदैव एकाच वेगाने चालतो असे धरून काढलेले स्थान ते मध्यम, आणि प्रत्यक्षात त्याची चाल कमीजास्त होत असल्यामुळे त्यात जे अंश मिळवावे किंवा वजा करावे लागतात ते मंदफल. या संस्काराच्या मुळाशी वर्तुळेच होती: मोठ्या वर्तुळावर सरकणारा एक लहान परिघ आणि त्या परिघावर ग्रह. सूर्यसिद्धान्तात सूर्याचा हा परिघ सुमारे १४ अंशांचा असून त्यावरून मंदफल जास्तीत जास्त सुमारे २ अंश १० कला येते; आजचे गणित ते १ अंश ५५ कला देते.

चुकीच्या आकृतीवरून इतके जवळचे उत्तर यावे, यात योगायोग नाही. मंगळाच्या कक्षेत सूर्य मध्यापासून अर्ध्या दीर्घ अक्षाच्या सुमारे ९.३ टक्के सरकलेला आहे, पण कक्षेचा लघु अक्ष दीर्घ अक्षापेक्षा जेमतेम ०.४४ टक्के आखूड आहे. म्हणजे कक्षा दिसायला वर्तुळच, फक्त सूर्य मध्यावर नाही. हे सरकणे लहान परिघाने बव्हंशी भरून निघे, आणि उरलेला चपटेपणा नुसत्या डोळ्यांच्या वेधांत सहज सापडण्याजोगा नव्हता. टायको ब्राहेच्या मंगळवेधांशी वर्तुळावरचे गणित ८ कलांनी जुळेना, तेव्हा केप्लरने ती चूक वेधांवर न ढकलता वर्तुळच सोडले आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळाकार कक्षा मांडली. सूर्य तिच्या दोन नाभींपैकी एकीवर असतो.

तसे का, याचे उत्तर न्यूटनने १६८७ मध्ये दिले. सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे दुप्पट अंतरावर ती चौथा हिस्सा उरते, आणि अशा ओढीत अडकलेल्या ग्रहाची वाट लंबवर्तुळच निघते. वर्तुळ हा त्यातलाच एक विशेष प्रकार. त्यासाठी त्या अंतराला साजेसा नेमका वेग आणि सूर्याच्या दिशेशी नेमका काटकोन, हे दोन्ही एकदम जुळावे लागतात, आणि इतर ग्रहांची ओढ सतत लागत असताना ते जुळलेच तरी टिकत नाही.

महाराष्ट्रात मात्र गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघवा’वर (१५२०) पंचांगे चालत राहिली, आणि तो ग्रंथ इतका सुटसुटीत आहे की ते स्वाभाविकच होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून युरोपीय गणित मराठीत आणले आणि त्यावर पुढे पटवर्धनी पंचांग निघाले. सूर्याच्या जुन्या व नव्या मंदफलात जास्तीत जास्त १५ कलांचा फरक पडतो. चंद्र सूर्यापासून तासाला सुमारे ३० कला पुढे जात असल्याने, एवढ्या फरकानेसुद्धा तिथीचा शेवट अर्धा तास पुढेमागे होतो, आणि तो सूर्योदयाच्या आसपास असला तर एकादशीचा उपवास कोणत्या दिवशी धरायचा, हेच बदलते.