टेकडीवर घडलेल्या सेविका

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या तेव्हा त्यांना ५३ वर्षं झाली होती. हाताशी नाव होतं, अनुभव होता. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला होता, पुढे दादरला शिशुविहार उभं राहिलं होतं. पण मॉन्टेसरी पद्धतीची गुळगुळीत लाकडी साधनं शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांच्या पलीकडे जात नव्हती. हे शिक्षण खेड्यातल्या गरिबाला परवडेल असं करा, असं गांधीजींचं सांगणं होतं. ते मनावर घेऊन ताराबाईंनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं.

सोबतीला आल्या अनुताई वाघ. लहानपणी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग हिंगण्याच्या आश्रमात शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी. बोर्डीला आल्या तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. केंद्र पुढे जिथे हललं त्या कोसबाडलाच १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं.

मी पालघर तालुक्यात अंगणवाडीची मुख्य सेविका होते. बोईसरकडच्या अंगणवाड्यांचं बीट माझ्याकडे होतं. आमच्या खात्याचा इतिहास सांगताना अधिकारी २ ऑक्टोबर १९७५ ही तारीख सांगतात, कारण त्या दिवशी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. मी मात्र नव्या सेविकांना नेहमी तीस वर्षं मागे न्यायचे. बोर्डीत पोरं शाळेत येईनात, म्हणून ताराबाई आणि अनुताईंनी शाळाच हरिजनवाड्याच्या अंगणात नेली. अंगण झाडायचं, पोरांना न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. साधनं म्हणाल तर चिंचोके, शिंपले, खडे, काड्या, पानं. समुद्र आणि जंगल दोन्ही जवळ, त्यामुळे साधनांचं कपाट विकत घ्यायची गरजच नव्हती.

या दोघींच्या कामाची तऱ्हा वेगळी होती, आणि माझ्या मते तीच या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ताराबाई आखणी करणाऱ्या, लिहिणाऱ्या, प्रयोगाला शास्त्राची बैठक देणाऱ्या. अनुताई पहाटे वाडीवर जाऊन पोरांना हाताला धरून आणणाऱ्या. नुसत्या ताराबाई असत्या तर उत्तम पुस्तकं राहिली असती, नुसत्या अनुताई असत्या तर एक उत्तम शाळा. दोघी मिळून त्यांनी बालसेविका घडवण्याचं काम चालवलं, म्हणून ते गावोगाव पसरलं.

बोर्डीचं केंद्र निघालं त्याच वर्षी, याच पट्ट्यात, दुसरं नेतृत्व उभं राहत होतं. मे १९४५ मध्ये झरीला वारली आदिवासींची परिषद भरली आणि वेठ व लग्नगडीची, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी सावकाराकडे राबण्याची, पद्धत मोडायचं ठरलं. किसान सभेचे गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर वाड्यावाड्यांतून फिरत होते. निर्णय वारल्यांनी घ्यायचा, तो गावोगाव वारल्यांनीच न्यायचा, ही त्यांची पद्धत. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली, तरी वेठ पुन्हा आली नाही. बोर्डीच्या बायांचा रस्ता वेगळा आणि राजकारण वेगळं. पण ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्यातूनच पुढचा माणूस उभा करायचा, हे दोन्हीकडे दिसतं.

१९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली पोरं वर्गात बसत नव्हती, कारण त्यांना वेळच नव्हता. मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन हिंडायची, मुलगा गुरं राखायचा. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, त्याला विकासवाडी म्हणत. धाकटा पाळणाघरात, थोरली वर्गात. गुराख्यांसाठी कुरणशाळा: गुरं जिथे चरतात तिथे शिक्षकानं जायचं. शिकायला आलेल्या सेविकेला हे सगळं डोळ्यांसमोर चालू दिसायचं. पोरांचं अंग पुसणं आणि पालकांची समजूत काढणं हाच तिचा अभ्यास.

गंमत अशी की १९५७ मध्येच अणुशास्त्रज्ञ होमी भाभांनी तुर्भ्याला (ट्रॉम्बे) अणुशास्त्राची प्रशिक्षण शाळा सुरू केली. ऑक्टोबर १९६९ मध्ये आमच्या बोईसरजवळ तारापूरचं अणुवीज केंद्र चालू झालं. देशातलं ते पहिलंच अणुवीज केंद्र. तिथे नियंत्रण कक्षात बसणाऱ्याला आधी जुन्या माणसाच्या हाताखाली शिफ्टमध्ये काम करावं लागतं, लेखी आणि तोंडी परीक्षा द्यावी लागते, तेव्हा परवाना मिळतो. मला त्या यंत्रातलं काही कळत नाही. पण कामाच्या जागीच शिकवायचं आणि तयार होईपर्यंत एकट्याच्या हाती द्यायचं नाही, ही शिस्त मला कोसबाडच्या फार जवळची वाटते.

अणुवीज केंद्राबाहेर, बोईसरच्या एमआयडीसीत, चित्र निराळं. माझे यजमान तिथल्या एका रसायनाच्या कारखान्यात होते. ठेकेदार सकाळी गेटवर पोरं आणायचा आणि मुकादम त्यांना दुपारी थेट रसायनाच्या केटलवर उभं करायचा. व्हॉल्व्ह कुठला, वाफ किती, हे सांगायला कुणी नाही, फक्त "चल, लवकर". यजमानांनी सुपरवायझर झाल्यावर आपल्या पाळीत नियम केला: नवा पोरगा पहिले आठ दिवस फक्त बघेल, नोंद लिहील, हात लावणार नाही. वरून बोलणी खाल्ली. नियम मोडला नाही. त्यांच्या पाळीतला एकही पोरगा भाजला नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा पदवी होती आणि हातात तपासणीचा तक्ता. पहिल्याच वाडीवरची सेविका कोसबाडला शिकलेली, माझ्या आईच्या वयाची. मी रजिस्टर मागितलं. ती म्हणाली, "बाई, रजिस्टर पळून जात नाय, पोरं पळून जातात. आधी बसा." आणि माझ्यापुढे चिंचोक्यांचं सूप सरकवलं. समोर साडेतीन वर्षांची एक पोरगी चिंचोक्यांचे पाच-पाचचे ढीग लावत होती. एका ढिगात सहा पडले. सेविका काही बोलली नाही, नुसती थांबली. पोरीने पुन्हा मोजलं, एक उचलून बाजूला ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. मग सेविकेने वजनाचा काटा आडव्या बांबूला टांगला. दोन भाऊ रडायला लागले तेव्हा तिने आधी थोरल्याला झोळीत बसवून झुलवलं, तसा लहानगा आपणहून हात वर करून उभा राहिला. तपासणी कशी करायची हे मी त्या सकाळी शिकले. ती माझ्या हाताखालची होती, आणि माझी शिक्षिकाही.

पुढे माझ्या बीटमध्ये मी मासिक बैठक कार्यालयात घेणं बंद केलं. दर महिन्याला एका चालू अंगणवाडीत जमायचं, ज्या सेविकेची पाळी तिने अर्धा दिवस चालवून दाखवायची, बाकीच्यांनी बघायचं. पहिल्यांदा कुणी तोंड उघडेना. साहेबांसमोर बोलायची सवयच नव्हती. वर्षभरात मनोरकडच्या एका सेविकेने, शिक्षण जेमतेम दहावी, आहार वेळेवर येत नाही म्हणून पंचायत समितीच्या सभेत उभं राहून आकडे वाचून दाखवले. तिला भाषण कुणी शिकवलं नव्हतं. पंचवीस बायांसमोर पोरं सांभाळून दाखवली होती, त्यातून ते आलं.

आता सेविकेच्या हातात फोन आहे. हजेरी, वजन, उंची, फोटो, सगळं त्यात. माहिती लवकर वर जाते, कुपोषित मूल लवकर सापडतं, हे चांगलंच आहे. खटकतं ते प्रशिक्षण: सभागृहात पडद्यावर पन्नास पानं सरकतात, एकही मूल आवारात नसतं. नव्या सेविकेला रुजू होण्याआधी पंधरा दिवस एखाद्या मुरलेल्या सेविकेकडे बसवावं, असा अर्ज मी निवृत्त होण्यापूर्वी दिला होता आणि अजून देते. त्याला इमारत नको, पडदा नको. खर्च येईल तो शिकवणाऱ्या सेविकेच्या मानधनात पंधरा दिवसांची भर घालण्याचा, आणि तो तिला हक्काने मिळायला हवा.