लोडरच्या कामासाठी जुन्या ट्रॅक्टरची निवड

लोडरच्या कामासाठी जुन्या ट्रॅक्टरची निवड हा शेती यांत्रिकीकरणातील एक व्यावहारिक विषय आहे. ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेलेल्या, तेलाच्या दाबावर वर-खाली होणाऱ्या दोन भुजा आणि त्यांच्या टोकाला बसविलेली बकेट या जोडणीला फ्रंट-एंड लोडर किंवा बोलीत नुसते 'लोडर' म्हणतात. शेणखत, मुरूम, गाळ, वाळू, साखर कारखान्यातील मळी असा सुटा माल उचलून ट्रॉलीत भरणे हे त्याचे मुख्य काम होय. नांगरटीसाठी उत्तम ठरलेला ट्रॅक्टर लोडरसाठी उत्तम असेलच असे नाही. नांगर, रोटाव्हेटर व ट्रॉली यांचा भार मागच्या चाकांवर येतो, तर लोडरचा भार पुढच्या आसावर येतो, आणि भारतातील बहुसंख्य जुन्या ट्रॅक्टरांचा पुढचा आस या भाराच्या हिशेबाने बनविलेला नसतो. त्यामुळे अश्वशक्ती व किंमत या नेहमीच्या दोन निकषांवर केलेली निवड या कामात अनेकदा फसते.

पेठ परिसरातील उपयोग

पेठ हे पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील, पुणे–नाशिक महामार्गावरील गाव असून ते सातगाव पठार या भागात मोडते. पठारावर खरिपात पावसाच्या पाण्यावर बटाटा घेतला जातो. लागवडीपूर्वी, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस, शेतात शेणखत व कोंबडखत टाकण्याची एकच घाई असते. आंबेगाव व जुन्नर या दोन्ही तालुक्यांत कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो व भाजीपाला होतो. भीमाशंकर व विघ्नहर या सहकारी साखर कारखान्यांमुळे मळीही शेतापर्यंत येते. राज्य शासनाच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेनंतर तलावांतील गाळ उचलण्याचे कामही वाढले.

ही भरणी पूर्वी फावडे, घमेले व पाटी यांनी होत असे. आता मोठे काम असेल तर जेसीबी भाड्याने बोलावला जातो. परंतु बॅकहो लोडरचे वजन साडेसात टनांच्या आसपास असते. तो ओल्या जमिनीत रुततो, तिचा थर दाबून घट्ट करतो, आणि गोठ्यामागच्या बोळात किंवा कांद्याच्या बराखीजवळ त्याला वळता येत नाही. चार-सहा ट्रॉल्या खतासाठी तो बोलावणे परवडतही नाही. या मधल्या गरजेसाठी १५ ते ३० वर्षे वापरलेला ट्रॅक्टर घेऊन त्यावर लोडर बसविण्याकडे शेतकऱ्यांचा कल असतो. घरात नांगरटीसाठी नवा ट्रॅक्टर आल्यावर जुन्यालाच लोडर बसवून कायम तेथे ठेवणे, हाही याचाच एक प्रकार आहे.

भार व समतोल

प्रश्नाचे मूळ साध्या तरफेच्या नियमात आहे. उदाहरणादाखल २,००० किलो वजनाचा, दोन आसांमध्ये २ मीटर अंतर असलेला दोन चाकी चालनाचा ट्रॅक्टर घ्यावा. मोकळा असताना त्याचे सुमारे ८०० किलो वजन पुढच्या व १,२०० किलो मागच्या चाकांवर असते. त्याला ३५० किलोचा लोडर बसविला, त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या आसापुढे ०.८ मीटरवर आला आणि १.५ मीटरवर असलेल्या बकेटमध्ये ५०० किलो ओले खत भरले, तर मागच्या चाकांवरील भार ५१५ किलोंनी कमी होऊन ६८५ किलो राहतो. पुढच्या आसावरील भार मात्र २,१६५ किलो होतो, म्हणजे मूळच्या पावणेतीन पट. हा हिशेब उभ्या ट्रॅक्टरचा आहे. खड्ड्यातून जाताना किंवा उतरणारी बकेट झटक्यात थांबविल्यावर क्षणभर पडणारा भार याहून बराच अधिक असतो.

याचे तीन परिणाम होतात. पुढचा आस, त्याची मधली पिन, किंगपिन व हबची बेअरिंगे लवकर झिजतात. पॉवर स्टिअरिंग नसेल तर भरलेल्या बकेटसह उभ्या जागी चाक वळविणे जवळजवळ अशक्य होते. आणि ट्रॅक्टरचे ब्रेक केवळ मागच्या चाकांना असल्याने, तीच चाके हलकी झाली की उतारावर ब्रेक लागूनही ट्रॅक्टर घसरतो. पेठ घाटाच्या आसपासच्या चढ-उताराच्या वावरांत हा तिसरा परिणाम सर्वांत घातक ठरतो.

यावरचा उपाय म्हणून मागच्या टायरांत पाणी भरण्याची पद्धत सर्वत्र आहे. पाण्यामुळे मागची चाके जड होतात व पकड सुधारते, हे खरे. परंतु ते वजन थेट मागच्या आसावर बसत असल्याने पुढच्या आसावरील भार एका किलोनेही हलका होत नाही. त्यासाठी वजन मागच्या आसाच्याही मागे, तीन-बिंदू जोडणीवर टांगावे लागते. वरच्या उदाहरणात मागच्या आसापासून १ मीटर मागे ३०० किलोचा काँक्रीटचा ठोकळा टांगला, तर मागच्या चाकांवरील भार १,१३५ किलो होतो आणि पुढचा भार १५० किलोंनी उतरतो. पाणी व ठोकळा दोन्ही वापरणे इष्ट. नांगरटीसाठी पुढे बसविलेली बिडाची वजने मात्र लोडर चढविताना काढून टाकावी लागतात. ती तशीच राहिलेली अनेकदा दिसतात.

लोडरची चौकट कोठे बांधली आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. बहुतेक शेती ट्रॅक्टरांना मोटारीसारखी स्वतंत्र चॅसी नसते. इंजिन, क्लचचे घर, गिअरबॉक्स व मागचा आस हे बिडाचे भाग बोल्टांनी एकमेकांस जोडलेले असतात आणि तेच ट्रॅक्टरचा कणा असतात. स्थानिक वर्कशॉपमध्ये कमी लोखंडात बनविलेला लोडर केवळ इंजिनाच्या व क्लच घराच्या बोल्टांवर आधारलेला असेल, तर त्याचा सगळा पीळ या सांध्यावर येतो व कालांतराने बिडाला तडा जातो. चांगल्या लोडरची उपचौकट मागच्या आसाच्या घरापर्यंत नेलेली असते.

हायड्रॉलिक यंत्रणा

मागच्या लिफ्टची उचलक्षमता १,२०० किलो आहे किंवा १,६०० किलो, असे विक्रेते आवर्जून सांगतात. लोडरसाठी ही संख्या फारशी उपयोगाची नाही. बकेट किती वजन उचलेल हे तेलाचा दाब व जॅकचा व्यास यांवर, आणि किती वेगाने उचलेल हे पंपाच्या दर मिनिटाच्या प्रवाहावर अवलंबून असते. ६३ मिलिमीटर व्यासाचे व ६०० मिलिमीटर धावेचे दोन जॅक पूर्ण उघडण्यास सुमारे पावणेचार लिटर तेल लागते. पंप मिनिटाला २० लिटर तेल देत असेल तर बकेट वर जाण्यास ११ सेकंद लागतात, ४० लिटर देत असेल तर साडेपाच. दिवसभरात दोनशे वेळा बकेट उचलायची असल्यास हा फरक मोठा असतो. ३० ते ४५ अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरांचे पंप बहुधा यांतील खालच्या आकड्याच्या आसपासचे असतात.

प्रवाहापेक्षाही आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे पंप कोठून चालतो. काही ट्रॅक्टरांत तो इंजिनाच्या गिअरवरून थेट फिरतो, त्यामुळे क्लच दाबला तरी तेल वाहत राहते. मॅसी फर्ग्युसन घराण्यातील जुन्या ट्रॅक्टरांत पंप मागच्या घरात, तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या दांड्यावरून चालतो. एकेरी क्लच असेल तर क्लच दाबताच चाकांबरोबर बकेटही थांबते. ट्रॉलीच्या जवळ येऊन क्लच दाबावा आणि त्याच वेळी बकेट उचलावी, ही लोडरची मूळ हालचालच अशा ट्रॅक्टरवर जमत नाही. दुहेरी क्लच असल्यास पेडल अर्धे दाबून चाके थांबविता येतात व पंप चालू राहतो. शिवाय हा पंप तीन-बिंदू जोडणीच्या खोली-नियंत्रणासाठी रचलेला असल्याने लोडरला तो अपुरा पडतो. त्यामुळे अशा ट्रॅक्टरवर क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरून चालणारा स्वतंत्र गिअर पंप, वेगळी तेलटाकी व फिल्टर बसविणे हाच टिकाऊ मार्ग ठरतो. त्याचा खर्च ट्रॅक्टरच्या किमतीत धरूनच तुलना करावी लागते.

क्लच व गिअर

लोडरचा ट्रॅक्टर दर मिनिटाला पुढे-मागे होतो. नांगरटीत दिवसभरात जितक्या वेळा क्लच दाबला जाईल, तितक्या वेळा तो येथे तासाभरात दाबला जातो. जुन्या सरकत्या दात्यांच्या गिअरबॉक्समध्ये दिशा बदलण्यासाठी पूर्ण थांबावे लागते. घाई केल्यास दाते तुटतात. पहिला व रिव्हर्स गिअर समोरासमोर असलेला ट्रॅक्टर यासाठी सोयीचा असतो. शटल गिअर असलेले ट्रॅक्टर अधिक सोयीचे, पण ते जुन्या बाजारात कमी मिळतात.

आढळणारे ट्रॅक्टर

महिंद्राच्या जुन्या ट्रॅक्टरांची परंपरा १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने मुंबईतील कांदिवली येथे सुरू झालेल्या बी-२७५ या मॉडेलपासून येते. ४७५ डीआय व ५७५ डीआय ही चार सिलिंडरची मॉडेले महाराष्ट्रात विपुल असून त्यांचे सुटे भाग मंचर, नारायणगावसारख्या बाजारगावांत सहज मिळतात. चेन्नईच्या टॅफे कंपनीचा मॅसी फर्ग्युसन १०३५ डीआय हा हलका, कमी इंधन पिणारा व बोळात वळणारा आहे. परंतु पंपाची वर सांगितलेली अडचण व हलका पुढचा भाग यांमुळे त्यावर लहान बकेटच शोभते. स्वराज ७३५ व ८५५ हे मूळ पंजाब ट्रॅक्टर्सचे, साध्या व दणकट बांधणीचे. १९७१ पासून झेटरच्या तंत्रावर पिंजोर येथे बनलेले एचएमटी ट्रॅक्टर वजनदार व म्हणून लोडरला अनुकूल असले तरी २०१६ मध्ये केंद्र सरकारने हा विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. सुटे भाग कोठे मिळतील याची खात्री नसेल तर स्वस्त मिळणारा एचएमटी अखेरीस महाग पडतो. फोर्ड ३६०० बाबतही जवळपास हेच म्हणता येते.

चार चाकी चालनाचा जुना ट्रॅक्टर मिळाल्यास त्याचा पुढचा आस भक्कम असतो आणि मागची चाके हलकी झाली तरी पकड राहते. मात्र त्या आसातील गिअर व सील झिजलेले असतील तर दुरुस्तीचा खर्च मोठा येतो.

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. मॉडेलचे वजन, त्याचे दोन्ही आसांवरील वाटप व पंपाचा प्रवाह तिच्या अहवालांत दिलेला असतो. जाहिरातीपेक्षा हा अहवाल पाहणे श्रेयस्कर.

खरेदीपूर्व तपासणी

तासमापक बंद असतो किंवा बदललेला असतो, असे धरूनच चालावे. पेडलांची झीज, तीन-बिंदू जोडणीच्या भोकांचे रुंदावणे व स्टिअरिंगची मोकळी फिरत यांवरून खरा वापर कळतो. इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेला ट्रॅक्टर थंडीतील सुरुवातीचा दोष लपवितो. ब्रीदरमधून जोराने येणारा धूर झिजलेल्या रिंगा दर्शवितो, तर रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग हेड गॅस्केट किंवा हेडचा दोष दर्शवितो.

लोडरच्या दृष्टीने खरी तपासणी पुढच्या भागाची असते. पुढचा आस जॅकवर उचलून प्रत्येक चाक वर-खाली व आत-बाहेर हलविल्यास किंगपिन व बेअरिंगमधील खेळ हाताला जाणवतो. मधल्या पिनेच्या आधारावर वेल्डिंगच्या खुणा आहेत का, इंजिन व क्लच घर यांच्या सांध्यातून तेल पाझरते का, तेथील काही बोल्टच तेवढे नवे आहेत का, हे पाहावे. अशा खुणा असलेल्या ट्रॅक्टरवर पूर्वी लोडर चढलेला व तो चुकीचा बांधलेला असण्याचा संभव दाट असतो. नवा रंग नेमका याच जागी लावलेला असेल तर अधिक सावध राहावे. पुढचे टायर ६.००-१६ मापाचे असल्यास, रिम व हब पेलत असतील तर, ७.५०-१६ मापाचे जास्त प्लायचे टायर घालण्याचा खर्च धरावा.

लिफ्ट अर्धा तास काम करून तेल तापल्यावर तपासावी. गार, घट्ट तेलात झिजलेला पंपही बरा चालतो. लिफ्टवर वजन टांगून इंजिन बंद केल्यावर ते काही मिनिटांतच खाली बसत असेल, तर सील किंवा व्हॉल्व्ह गळत आहे.

कागदपत्रे

आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील वाहनांची नोंदणी पिंपरी-चिंचवड प्रादेशिक परिवहन कार्यालयात एमएच-१४ या क्रमांकाने होते. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात. विक्रेत्याने १४ व खरेदीदाराने ३० दिवसांत कळविणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार आवश्यक आहे. नोंदणी पुस्तकावर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असल्यास तो उतरविल्याचा नमुना ३५ हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याच कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेतील बदलांवर निर्बंध घालते, त्यामुळे लोडर बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांच्याकडे चौकशी करणे हिताचे ठरते.

सुरक्षितता

जुन्या ट्रॅक्टरांना चालकावर उलटण्यापासून रक्षण करणारी चौकट सहसा नसते. भरलेली बकेट उंच धरून चालविल्यास गुरुत्वमध्य वर जातो आणि एक चाक बांधावर चढले तरी ट्रॅक्टर आडवा होऊ शकतो. म्हणून बकेट जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवूनच चालावे आणि ट्रॉलीजवळ पोचल्यावरच उचलावी. उतारावर भरलेली बकेट चढाच्या बाजूस राहील अशा बेताने, म्हणजे चढताना पुढे तोंड करून व उतरताना रिव्हर्समध्ये, ट्रॅक्टर न्यावा. आंबे उतरविण्यासाठी किंवा विजेच्या तारेचे काम करण्यासाठी बकेटमध्ये माणूस उभा करण्याची प्रथा अतिशय धोकादायक आहे. एक जुना पाईप फुटला की भुजा क्षणात खाली येतात. याच कारणाने उचललेल्या बकेटखाली दुरुस्ती करताना भुजांना लोखंडी टेकू दिल्याशिवाय आत जाऊ नये.