टिळकांची कल्पनासृष्टी आणि मराठीतील ख्रिस्ती अद्भुत

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे मराठी वाङ्मयेतिहासातील स्थान निश्चित आहे, परंतु ते अखंड नाही. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून त्यांना आधुनिक कवितेच्या प्रवर्तकांच्या पंक्तीत बसवले जाते, तर ‘अभंगांजली’ आणि ‘ख्रिस्तायन’ यांचे कर्ते म्हणून त्यांची रवानगी ख्रिस्ती मंडळीच्या उपासनाग्रंथांत होते. निसर्गकवी साहित्याचा आणि भक्तकवी चर्चचा, अशी ही वाटणी आहे. ती कोणत्या वाङ्मयीन निकषावर झाली, हे सहसा सांगितले जात नाही. टिळकांच्या कल्पनाशक्तीचे स्वरूप तपासले, विशेषतः तिच्यातील अद्भुताचे स्थान पाहिले, तर ही वाटणी टिकत नाही, असे दिसून येते.

मराठीतील ख्रिस्ती लेखन आणि अद्भुत यांचे नाते टिळकांपूर्वीचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात छापले गेले. पुराणाचा घाट, ओवी हे माध्यम आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ असा शब्द योजण्याचे धैर्य त्यात आहे. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी गद्याने मात्र हा घाट स्वीकारला नाही. जॉन बन्यनची 1678 मधील रूपककथा हरी केशवजी यांनी 1841 मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणली. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ 1857 मधले. या दोन ग्रंथांच्या मध्ये घडलेला पालट सूचक आहे. बन्यनचा यात्रिक रूपकांच्या प्रदेशातून चालतो. यमुनेचे पर्यटन विधवांच्या दुःखाने भरलेल्या प्रत्यक्ष समाजातून होते. प्रवासाचा सांगाडा दोन्हीकडे आहे, पण पदमनजींकडे अद्भुत गळून पडले आणि त्याची जागा समाजदर्शनाने घेतली. तिकडे लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (1861) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (1867) या कादंबऱ्यांनी अद्भुतरम्यतेचा मळा फुलवला. त्या अद्भुताला रंजनाचे आणि नीतिबोधाचे प्रयोजन होते; श्रद्धेच्या शोधाचे नव्हते. अशा रीतीने ख्रिस्ती लेखन वास्तवाकडे गेले आणि अद्भुत रंजनाकडे. या फारकतीनंतर टिळकांची कविता येते.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, करजगाव येथे झाला. याच जिल्ह्यातील मालगुंड हे केशवसुतांचे गाव. आधुनिक मराठी कवितेचे दोन आरंभक एकाच किनारपट्टीवर, काही वर्षांच्या अंतराने जन्मले, ही गोष्ट केवळ योगायोग मानली तरी नोंदवण्याजोगी आहे. टिळकांची आई जानकीबाई भाविक होत्या आणि काव्याची ओढ असलेल्या. त्यांच्या मृत्यूनंतर कोवळ्या वयातच टिळकांनी घर सोडले आणि नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे अध्ययन केले. 1880 मध्ये त्यांचा विवाह झाला; माहेरच्या मनकर्णिका गोखले सासरी लक्ष्मीबाई झाल्या. पुढे नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादनाचे काम, 1893 मधील आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने हाती दिलेला ‘नवा करार’ आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत घेतलेला बाप्तिस्मा, हे टप्पे सर्वश्रुत आहेत. त्यानंतरची ताटातूट काही वर्षे चालली. लक्ष्मीबाई अखेर पतीकडे परतल्या आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतराने माणसाचे घर तुटते, हे या चरित्रातून दिसते. त्याची भाषाही तुटते काय, हा साहित्याचा प्रश्न आहे. टिळकांनी त्याला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: आपण ख्रिस्तचरणांशी आलो ते तुकारामांच्या पुलावरून, अशी त्यांची धारणा होती. या धारणेचा काव्यगत अर्थ समजून घेण्यासाठी एका दूरच्या लेखकाची तुलना उपयोगी पडते. सी. एस. लुईस (1898–1963) हा विसाव्या शतकातील सर्वाधिक लोकप्रिय ख्रिस्ती फॅन्टसीकार. 1931 च्या सप्टेंबरमध्ये ऑक्सफर्ड येथे टॉल्किन आणि डायसन या मित्रांशी झालेल्या संभाषणाने त्याच्या श्रद्धेला निर्णायक वळण मिळाले. ख्रिस्तपूर्व पुराणकथा खोट्या म्हणून टाकून द्यायच्या नसतात; त्यांत चाहूल लागलेली गोष्ट ख्रिस्तचरित्रात इतिहास होऊन अवतरते, हा विचार त्याला तेथे गवसला. लुईसला ग्रीक व नॉर्स पुराणकथांनी जे दिले, तेच टिळकांना संतवाणीने दिले. दोघांच्याही लेखी पूर्वसंस्कार हा नव्या श्रद्धेतला अडथळा नसून तिच्याकडे नेणारी वाट आहे.

पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. लुईसने धर्मांतरानंतर 1933 मध्ये बन्यनच्याच घाटावर उलट्या यात्रेचे रूपक रचले आणि 1950 ते 1956 या काळात नार्नियाच्या सात कथा लिहिल्या. त्यांत ख्रिस्त सिंहरूपाने दुसऱ्याच जगात वावरतो. हे रूपक नव्हे, असे लुईसचे म्हणणे होते. असे एखादे जग असते तर तेथे ख्रिस्त कोणत्या रूपात आला असता, ही त्यामागची कल्पना. टिळकांनी दुसरे जग निर्माण केले नाही. त्यांचे अद्भुत याच जगात, आंगणात आणि रानात घडते. ज्यांना वाणी नाही अशांची वाणी ऐकू येणे, एवढाच त्यातला चमत्कार.

‘वनवासी फूल’ या दीर्घ कवितेत जगाला कंटाळलेला माणूस आणि रानातले एकाकी फूल यांचा संवाद आहे. फूल माणसाला जगण्याकडे परत वळवते. रचनेच्या दृष्टीने ही शुद्ध फॅन्टसी आहे, कारण फुलाच्या बोलण्याला कोणतेही वास्तव समर्थन दिलेले नाही आणि कवीला त्याची गरजही वाटत नाही. ‘केवढे हे क्रौर्य!’ मध्ये घायाळ पक्षीण पिलांसाठी शेवटचा घास घेऊन घरट्याशी पोचते, त्यांच्याशी बोलते आणि प्राण सोडते. या कवितेत ख्रिस्ताचे नाव नाही, धर्माचा उल्लेख नाही. तरीही मरता मरता अन्न देणारी माता ही तिची मध्यवर्ती प्रतिमा आहे. आणि ‘अभंगांजली’तला ख्रिस्त पुनःपुन्हा माउली आणि गुरू होऊन येतो. वारकरी संतांनी विठ्ठलाला दिलेले मातृरूप तेथे ख्रिस्ताला लाभले आहे. पक्षिणीची कविता अन् अभंग यांत हेतूची एकता आहे, असे सिद्ध करता येणार नाही. कल्पनेची एकता मात्र स्पष्ट आहे. एका ठिकाणी पक्षिणीत आई दिसते, दुसऱ्या ठिकाणी देवात. पाहणारी दृष्टी तीच आहे. मग पहिली रचना पाठ्यपुस्तकात आणि दुसरी उपासनेच्या पुस्तकात, या विभागणीचे समर्थन काव्याच्या आधारे कसे करायचे?

टिळकांच्या मर्यादाही याच ठिकाणी सापडतात. त्यांचे फूल बोलते तेव्हा पुष्कळदा उपदेश करू लागते. धर्मोपदेशक आणि कवी एकाच घरात राहत असल्याची ही किंमत होय. अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) टिळकांच्या घरी आश्रय आणि लळा मिळालेले बालकवी ठोमरे यांची ‘फुलराणी’ या संदर्भात वाचावी. तेथे कळी आणि सूर्यकिरण यांचे लग्न लागते, सारी सृष्टी वऱ्हाडी होते, आणि कोणी कोणाला काही शिकवत नाही. टिळकांनी फुलाला वाचा दिली. बालकवींनी त्याला उपदेशाच्या जबाबदारीतून मोकळे केले. हा ऋणानुबंध मान्य केल्यास मराठी निसर्गकवितेतील अद्भुताच्या मुळाशी एका ख्रिस्ती घराचे वातावरण होते, हेही मान्य करावे लागते.

‘ख्रिस्तायन’चा प्रश्न अधिक अवघड आहे. हे काव्य टिळकांनी 1909 मध्ये आरंभिले. नावातच रामायणाचा प्रतिध्वनी आहे. अध्यायांची मांडणीही पोथीच्या वळणाची आहे. परंतु येथे अद्भुत शोधायचे नव्हते, ते शुभवर्तमानांनी आधीच निश्चित करून ठेवले होते. लुईसने दुसऱ्या जगाची कल्पना करून जे स्वातंत्र्य मिळवले, ते टिळकांनी येथे स्वतःला दिले नाही. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोहोंना त्यात स्थान होते. संस्थेच्या भिंती ओलांडण्याचे जे धैर्य त्यांनी जीवनात दाखवले, ते या महाकाव्याच्या संहितेत पूर्णांशाने उतरण्यापूर्वीच 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले. तोवर सुमारे दहा अध्याय झाले होते.

उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीकडून अक्षरे शिकलेल्या या स्त्रीने ते काव्य तडीस नेले. फेब्रुवारी 1936 मध्ये त्या निवर्तल्या आणि 1938 मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले. संख्येच्या दृष्टीने ते बव्हंशी त्यांचेच काव्य आहे. तरीही ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनाने मराठी गद्यात मानाचे स्थान मिळवलेल्या लक्ष्मीबाई ‘ख्रिस्तायन’च्या चर्चेत पूरक लेखिका म्हणूनच येतात. ‘स्मृतिचित्रे’तील निर्विष विनोद, संकटाकडे तिऱ्हाइतासारखे पाहण्याची शक्ती आणि घरगुती बोलीचा डौल यांतले काय या अध्यायांत उतरले, कथानकाला चिकटून राहताना काय हरवले, याची तपासणी संहिता समोर ठेवून झाली पाहिजे. तशी ती झाली, तर टिळकांचे दोन तुकडे जोडण्याच्या कामाबरोबरच दुसराही एक हिशेब चुकता होईल. एकाच्या कल्पनेला धर्मामुळे अर्धे घर मिळाले. दुसरीच्या कल्पनेला त्या अर्ध्या घरातही स्वतःच्या नावाची खोली मिळाली नाही.